निंदणात उपटलेलं धान : एमएस नावाचा आजार समजून घेताना

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार आहे हे कळल्यापासून घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणतो : “पोरीची प्रतिकारशक्ती कमी झाली.” आणि मग पिशवीतून काहीतरी निघतं. कुणी गुळवेलीचा काढा आणतं, कुणी च्यवनप्राशचा डबा. एका नातेवाइकानं तर इम्युनिटी वाढवणारी महागडी पावडर आणली होती, स्वतःच्या धानाच्या चुकाऱ्यातून. माणसं मायेनं आणतात, त्यांना तोडून बोलता येत नाही. पण ते वाक्य चुकीचं आहे आणि या आजारात ते चुकीचं असणं फार महाग पडू शकतं. दरवेळी अंगणात बसून समजावताना अर्धा तास जातो, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे. मी डॉक्टर नाही. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि गेली काही वर्षं या एका आजाराबद्दल मिळेल ते वाचतो.

सुरुवात डोळ्यापासून झाली. रोवणीचे दिवस होते. बांधीतून घरी आली आणि म्हणाली, “दादा, उजव्या डोळ्यानं सारं धूर भरल्यावानी दिसून राह्यलं.” डोळा फिरवला की आतून दुखायचं. लाल रंग त्या डोळ्याला फिका, धुऊन विटल्यासारखा दिसायचा. आम्हाला वाटलं, चिखलाचं पाणी उडालं असेल. थेंब आणले. महिना-सव्वा महिन्यात नजर आपोआप परत आली आणि आम्ही ते विसरून गेलो. पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास पायांना मुंग्या सुरू झाल्या, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं, आणि मान खाली वाकवली की पाठीच्या कण्यातून करंट उतरल्यासारखा झटका बसायचा. दोन आठवड्यांत डावा पाय ओढत चालू लागली.

आमच्या भागात बधिरपणा म्हटला की पहिली शंका कुष्ठरोगाची येते आणि ती येणं बरोबरच आहे. आशाताईंनी तिच्या अंगावर कुठे सुन्न चट्टा आहे का ते नीट तपासलं. नव्हता. कुष्ठरोगात त्वचेकडे जाणाऱ्या, हातापायांतल्या बाहेरच्या नसा बिघडतात; तिचा बिघाड मेंदूत आणि मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूत होता. मग लकव्याची चर्चा झाली, मग बाहेरचं काही असल्याची. त्यात तीन आठवडे गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी नागपूरला एमआरआय झाला. मेंदूत आणि मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले. काही जुने, काही ताजे. डॉक्टरांनी डोळ्याची जुनी गोष्ट विचारून काढली, तेव्हा आम्हाला ती आठवली. एमएसच्या निदानाचा गाभाच हा आहे : एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी झालेली इजा. म्हणून आपोआप बरी झालेली तक्रारही डॉक्टरांना सांगायची असते.

आता इजा कशाला होते ते पाहू. मेंदूचा हुकूम पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो तो मज्जातंतूंमधून. या तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाची वेटोळी असतात. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरानं कुरतडली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि एमएस समजावताना बहुतेक जण हीच उपमा देतात. ती अर्धीच खरी आहे. केबलवरचं रबर फक्त वीज बाहेर जाऊ देत नाही. मायलिन वेगही देतं. त्याच्या वेटोळ्यांमध्ये ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात आणि संदेश तंतूभर सरपटत न जाता एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी घेत जातो. म्हणून मायलिन असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तोच वेग सेकंदाला एक-दोन मीटर. मायलिन सोललं गेलं की संदेश रखडतो, वाटेत विरतो, कधी भलतीकडेच जातो. कुठली तार सोलली गेली त्यावर त्रास ठरतो. डोळ्याची असेल तर धूर, पायाची असेल तर ओढत चालणं, मूत्राशयाची असेल तर लघवीची घाई. म्हणूनच दोन रुग्णांचा एमएस सहसा सारखा दिसत नाही.

शरीर थोडंफार मायलिन पुन्हा चढवतं, सूज उतरते, आणि माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. पण जिथे पुरती दुरुस्ती होत नाही तिथे घट्ट वण राहतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूतले हे वण आणि जिवंतपणीची लक्षणं यांची सांगड घालून या आजाराचं वर्णन केलं. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे घट्ट झालेला वण, ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक. नाव भारी असलं तरी अर्थ एवढाच : जागोजागचे वण.

इथे आमच्या उन्हाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भातल्या रुग्णाला त्याची गरज आहे आणि परदेशी पुस्तकांत त्यावर दोनच ओळी असतात. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या पहिल्या उन्हाळ्यात बहीण दुपारी चुलीपाशी बसली की तिची नजर पुन्हा धुरकट व्हायची, पाय लटलट कापायचे. आम्ही घाबरलो, आजार उलटला असं समजलो. तो उलटला नव्हता. मायलिन गेलेला तंतू कसाबसा काम करत असतो. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी त्यातला संदेश पुढच्या फटीपर्यंत पोचत नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्होफ यांनी १८९० मध्येच हे टिपलं होतं, व्यायामानंतर रुग्णांची नजर अंधुक होते म्हणून. एमआरआय नव्हता त्या काळात तर संशय असलेल्या रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत. अंग थंड झालं की हा त्रास जातो आणि त्यानं नवी इजा होत नाही. ओला दुपट्टा, कुलरसमोर अर्धा तास, सकाळी आठच्या आत वावरातलं काम, ताप आला की लगेच त्याचा इलाज : एवढ्यानं तिचा उन्हाळा सुसह्य झाला. मात्र अंग थंड होऊनही त्रास एक दिवसाहून जास्त टिकला, तर तो नवा झटका, म्हणजे आजाराचा नवा हल्ला, असू शकतो आणि डॉक्टरकडे जायलाच हवं.

तर मायलिन सोलतं कोण? आज बहुतेक शास्त्रज्ञांचं उत्तर आहे : आपलीच प्रतिकारशक्ती. याला ऑटोइम्युनिटी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुणाला पटलं नसतं. पॉल एर्लिख यांच्यासारख्या प्रतिकारशक्तीच्या दिग्गज अभ्यासकानं मांडलं होतं की शरीर स्वतःला विष घालणं टाळतंच. पण त्याआधीच एक विचित्र पुरावा समोर येऊ लागला होता, आणि त्याचा संबंध कुत्र्याच्या चावण्याशी आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आठवत असतील. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला दिली, ती सशाच्या मज्जारज्जूत वाढवलेल्या विषाणूची होती. भारतात १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला नवी पद्धत बसवली. तिच्यावरून बनलेल्या लसीत मारलेल्या विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही असायचा. या लसींनी असंख्य जीव वाचवले. पण थोड्या लोकांना लस घेतल्यावर काही दिवसांनी लकवा व्हायचा. रेबीज झाला म्हणावं तर ती लक्षणं वेगळी. पुढे उलगडलं ते असं : लसीबरोबर आलेलं प्राण्याचं मायलिन शत्रू आहे, असं प्रतिकारशक्ती शिकली आणि मग तिनं त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या स्वतःच्या मायलिनवर हात टाकला. (ही लस भारतात विसाव्या शतकानंतर बंद झाली. आजची लस मेंदूच्या ऊतींपासून बनत नाही आणि ती दंडात किंवा त्वचेत देतात. कुत्रं चावलं तर ती त्याच दिवशी घ्या, यात जराही शंका नको.)

१९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी हा संशय तपासला. माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला. त्यात विषाणूच नव्हता. तरी काही माकडं लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मायलिन सोललेले डाग सापडले. जंतूशिवाय, केवळ प्रतिकारशक्तीला चुकीचा धडा देऊन, मेंदूचा आजार घडवता येतो हे तिथे दिसलं.

अर्थात, माकडाचा बनवलेला आजार म्हणजे माणसाचा एमएस नव्हे. माणसातला पुरावा पुढे मिळाला आणि त्यातला एक मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एमएस हा जुन्या विषाणूमुळे होत असेल, म्हणून प्रतिकारशक्तीला जोर द्यावा, अशा आशेनं अमेरिकेत काही रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन दिलं गेलं. हा पदार्थ प्रतिकारक पेशींना चेतवतो. १९८७ मध्ये त्याचे निकाल छापले गेले : अठरापैकी सात रुग्णांना औषध चालू असतानाच आजाराचा नवा झटका आला. प्रयोग थांबवावा लागला. प्रतिकारशक्ती खरंच कमी पडली असती, तर तिला चेतवून रुग्ण सुधारायला हवे होते. (नावातलं साम्य फसवं आहे. बीटा इंटरफेरॉन हे वेगळं औषध, ते १९९३ पासून एमएसवर वापरलं जातं.) त्या पावडरीत गॅमा इंटरफेरॉन नसतं हे मलाही कळतं. पण जिची दिशा चुकली आहे तिला आणखी जोर देण्याचा उद्देशच उलटा आहे, एवढं तरी त्या निकालांवरून कळावं. गुळवेलीबद्दलही सांगतो : कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना ऑटोइम्यून प्रकारचा यकृताचा दाह झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो संबंध मान्य केला नाही. बहिणीच्या बाबतीत मी ती जोखीम घेणार नाही.

दुसरा पुरावा औषधांचा. नॅटालिझुमॅब नावाचं औषध प्रतिकारक पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. जणू वावराला कुंपण घालतं. ते घेतलं की नवे झटके खूप कमी होतात. हल्लेखोर बाहेरून येत नसते तर कुंपणाचा उपयोग झाला नसता. त्याच औषधानं दुसरी बाजूही दाखवली. काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित पडलेला जेसी विषाणू उसळला, कारण त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पेशीही बाहेरच अडल्या होत्या. २००४ मध्ये बाजारात आलेलं औषध २००५ मध्ये मागे घेतलं गेलं आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आलं. तिसरा पुरावा बाईच्या पोटातला आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एमएसचे झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. पोटातल्या बाळाला परकं मानून हाकलू नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती त्या काळात आपला सूर बदलते. एमएस आहे म्हणून मूल होऊ देऊ नका, असं बहिणीला गावातल्या चार जणींनी सांगितलं होतं. तिच्या डॉक्टरांनी औषधांचं वेळापत्रक बसवून दिलं आणि तिला मुलगी झाली.

मग प्रतिकारशक्ती चुकते कशी? पूर्व विदर्भातल्या कोणत्याही बाईला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तिनं निंदण केलेलं असतं. धानाच्या बांधीत धानासारखंच दिसणारं गवत उगवतं. पातं तसंच, रंग तसाच. लोंब येईपर्यंत फरक भल्याभल्यांना कळत नाही. ते उपटता उपटता कधी खरं धानही हातात येतं. निंदणारीचे हात कमजोर नसतात आणि तिचं धानाशी वैरही नसतं. दोन पाती सारखी होती, एवढंच. प्रतिकारक पेशी जंतूचा अख्खा चेहरा पाहत नाहीत, त्याच्या प्रथिनाचा छोटा तुकडा ओळखतात. तसाच तुकडा शरीराच्या एखाद्या प्रथिनात असला की घोटाळा होतो. हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप आपल्याकडच्या मुलांत असाच येतो : घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकोकस जंतू आणि हृदयाच्या ऊती यांच्यात असं साम्य असतं.

एमएसमध्ये हे फसवं गवत कोणतं, याचं आजचं सर्वांत ठोस उत्तर एपस्टाइन-बार विषाणू हे आहे. २०२२ च्या जानेवारीत हार्वर्डच्या गटानं अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासून निष्कर्ष मांडला. ज्यांना हा विषाणू आधी झालेला नव्हता आणि नंतर झाला, त्यांच्यात एमएसचा धोका बत्तीस पटींनी वाढला. दुसऱ्या विषाणूंच्या लागणीनं तसं झालं नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटानं दाखवलं की या विषाणूचं एक प्रथिन आणि मेंदूतलं ग्लायलकॅम नावाचं प्रथिन यांचे तुकडे एकमेकांशी मिळतेजुळते आहेत, आणि काही रुग्णांची प्रतिपिंडं, म्हणजे शत्रूला चिकटणारी प्रतिकारशक्तीची प्रथिनं, दोन्हींना चिकटतात. गवत आणि धान, दोन्ही सापडली.

पण हा विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो. माझ्या आणि बहुधा तुमच्याही. तो थुंकीतून पसरतो. एका ताटात जेवणाऱ्या आपल्या मुलांना तो लहानपणीच होतो आणि कळतही नाही. श्रीमंत देशांत तो पुष्कळांना तारुण्यात गाठतो, तेव्हा गळ्यात गाठी येऊन माणूस आठवडेच्या आठवडे आजारी पडतो, आणि तसा आजार झालेल्यांत पुढे एमएस जास्त आढळतो. म्हणजे एकटा विषाणू पुरत नाही. काही वारशानं आलेली जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांची भर पडते. हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला एमएस असला तर दुसऱ्यालाही तो साधारण चारपैकी एकाच जोडीत होतो. जनुकं तीच असूनही.

ऑटोइम्युनिटीच्या सिद्धांताला भोकं आहेत हेही सांगायला हवं. प्रतिकारशक्तीचं नेमकं लक्ष्य कोणतं, सगळ्या रुग्णांत लागू पडेल असं एकच प्रथिन अजून हाती लागलेलं नाही. एमएसचा जवळचा भाऊ शोभेल अशा एनएमओ नावाच्या आजारात ते लागलं. तिथे २००४ मध्ये प्रतिपिंड सापडलं आणि पाठोपाठ त्याचं लक्ष्य, अॅक्वापोरिन-४, सापडलं. (आपल्याकडे या दोन आजारांत गल्लत होते आणि एमएसची काही औषधं एनएमओ बिघडवतात. निदान झाल्यावर ती रक्ततपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.) दुसरं भोक असं की, जुन्या एमएसमध्ये झटके थांबतात पण पाय हळूहळू कमजोर होत राहतात, आणि तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं फारशी चालत नाहीत. त्यामुळे काही संशोधक म्हणतात की मूळ बिघाड मेंदूच्या पेशींतच होतो आणि प्रतिकारशक्ती मागाहून गोळा होते. मला स्वतःला औषधांचा पुरावा जास्त वजनदार वाटतो, पण हा प्रश्न मिटलेला नाही. सिद्धांतानं स्वतःची दिशाही बदलली आहे : कित्येक वर्षं टी पेशी या एका प्रकारच्या प्रतिकारक पेशींवर सगळा आरोप होता; २००८ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बी पेशी काढून टाकणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधानं झटके चटकन कमी झाले तेव्हा सगळे चकित झाले. एपस्टाइन-बार विषाणू बी पेशींतच घर करतो, हे त्यानंतर वेगळ्याच नजरेनं पाहिलं जाऊ लागलं. बहिणीला दर सहा महिन्यांनी याच रिटुक्सिमॅबचं सलाइन लागतं. नव्या औषधांपेक्षा ते स्वस्त पडतं, म्हणून आपल्या देशात बरंच वापरलं जातं.

अपुऱ्या सिद्धांताच्या फटीत फसवणूक शिरते, हेही खरं. २००९ मध्ये इटलीतल्या पाओलो झांबोनी यांनी मांडलं की मानेतल्या शिरा अरुंद असल्यानं एमएस होतो. जगभरातले रुग्ण कर्ज काढून शिरा रुंद करून आले. पुढे झांबोनी यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीत, २०१७ मध्ये, त्याचा फायदा नसल्याचं निघालं. वावर विकून अशी एखादी “गॅरंटीची” स्टेम सेल थेरपी करायला निघाला असाल तर आधी एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला विचारा.

आणि एक कागदाचं काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. बहिणीच्या अर्जाच्या वेळी खिडकीवरच्या माणसानं “असा काही आजार यादीत नाही” म्हणून परत पाठवलं होतं. कायद्याच्या अनुसूचीची झेरॉक्स घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा काम झालं. तुम्ही पहिल्याच खेपेला घेऊन जा.

भाची आता चार वर्षांची आहे. आईच्याच ताटात जेवते. विषाणूचं मी वाचून दाखवलं त्या रात्री बहिणीनं तिला वेगळं ताट वाढलं आणि पोरगी रडून गोंधळ घालू लागली. मी बहिणीला आकडे सांगितले : आईला एमएस असला तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. अठ्ठ्याण्णवच्या आसपास मुलांना होत नाही. विषाणू तिला एव्हाना झालेलाही असेल आणि लहानपणी झालेला बराच. या विषाणूवरच्या लसीच्या चाचण्या सुरू आहेत. त्या लसीनं एमएस टळतो का हे कळायला मात्र लस घेतलेली मुलं तिशीला पोचावी लागतील. तिनं सगळं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. मग ते दुसरं ताट उचललं, त्यातला भात आपल्या ताटात ओतला आणि पोरीला मांडीवर ओढून घेतलं.